चमचाभर मातीतला डीएनए बाहेर कसा काढतात?

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं आणि करोनाच्या बातम्यांच्या गर्दीतही त्याचे फोटो घरोघरी पोचले. वन विभागाने पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे आणि नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकरचं उत्तर आलं की ही करामत हॅलोआर्किया नावाच्या, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची आहे. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे पाण्यातला खारटपणा वाढला आणि गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या या मंडळींचं फावलं. नमुना हलवला नाही की हे जीव तळाशी बसत आणि वरचं पाणी नितळ दिसे.

बातमी तिथे संपली. पण डोळ्यांना न दिसणारा जीव नेमका कोण, हे ठरवतात कसं? सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक जिवाणू सारखेच दिसतात, ठिपका नाहीतर दांडी. जुना मार्ग म्हणजे काचेच्या बशीत खाद्य घालून ते वाढवून बघायचे. त्यात अडचण अशी की मातीतले किंवा गाळातले बहुतेक जिवाणू बशीत वाढायलाच तयार नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली जितके मोजता येतात, त्यांतले जेमतेम एक टक्का बशीत उगवतात, कित्येकदा तेवढेही नाही. म्हणून गेली चाळीसेक वर्षं दुसरा मार्ग रुळला आहे: जिवाणू वाढवण्याच्या भानगडीत न पडता थेट मातीतून, पाण्यातून, गाळातून त्यांचा डीएनए काढायचा आणि तो वाचून ओळख पटवायची. लोणारच्या जिवाणूंची अशी नोंद पुण्यातल्या संशोधकांनी २००६ सालीच प्रसिद्ध केली होती, सरोवर गुलाबी होण्याच्या कितीतरी आधी.

डीएनए वाचणाऱ्या यंत्रांचं कौतुक सगळीकडे होतं. पण वाचायला आधी काहीतरी हातात यावं लागतं. डीएनए पेशीतून आणि मग चिखलातून सोडवून आणणं हे ओलं, चिकट, वेळखाऊ काम आहे आणि शोधनिबंधात त्याला मिळतात दोन ओळी. मला वाटतं, त्या दोन ओळी सगळ्यात आधी वाचाव्यात. मातीत ‘कोण सापडलं’ हे बरंचसं तिथेच ठरून गेलेलं असतं.

डीएनए असतो कुठे?

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू घ्या. त्याची लांबी मिलिमीटरचा पाचशेवा भाग. त्याच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख अक्षरजोड्या (ही ‘अक्षरं’ म्हणजे डीएनएच्या धाग्यात ओळीने ओवलेले रासायनिक घटक) असतात, आणि तो धागा सरळ केला तर दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या सातशे-आठशे पट लांब धागा हा जीव गुंडाळून आत ठेवतो. आपल्या पेशीत डीएनएला केंद्रकाची वेगळी खोली असते. जिवाणूत ती नसते. पेशी फुटली की डीएनए बाहेर आलाच.

ती फुटणं मात्र सोपं नाही, आणि प्रत्येकाच्या बाबतीत सारखंही नाही. ई. कोलायची भिंत पातळ असते. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसची जाड, अनेक थरांची. क्षयाच्या जंतूभोवती मेणासारखं आवरण असतं, त्यामुळे साधी रसायनं त्याला दाद देत नाहीत. मातीतले काही बॅसिलस जिवाणू दिवस वाईट आले की बीजाणू बनून बसतात आणि मग उकळत्या पाण्यालाही पुरून उरतात. दुसऱ्या टोकाला लोणारच्या गुलाबी मंडळींचं गणगोत. हॅलोबॅक्टेरियम घराण्यातल्या पेशींचं आवरण टिकतं ते आजूबाजूच्या मिठाच्या जोरावर. त्यांना ऊर्ध्वपातित, म्हणजे मीठ अजिबात नसलेल्या पाण्यात टाकलं की त्या आपोआप फुटतात. ना एन्झाइम, ना घोटणं. एकाचा डीएनए काढायला साधं पाणी पुरतं आणि दुसऱ्याला सगळी शस्त्रं वापरूनही दोनदा विचार करावा लागतो.

सोपं काम आधी: एकाच जिवाणूचा डीएनए

बशीत किंवा नळीत वाढवलेला एकच जिवाणू असेल तर पद्धत बरीचशी ठरलेली आहे. रात्रभर वाढवलेलं गढूळ द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं. जिवाणू तळाशी बसतात, त्याला प्रयोगशाळेत ‘पेलेट’ म्हणतात. वरचं पाणी ओतून द्यायचं. (ओतताना पेलेटच निसटून बेसिनमध्ये जाणं हे नवख्यांच्या हातून हमखास होतं.)

मग भिंत पाडायची. लायसोझाइम हे एन्झाइम जिवाणूच्या भिंतीचे दुवे कापतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये ते आधी नाकातल्या शेंबडात शोधलं. ते आपल्या अश्रूंतही असतं, आणि प्रयोगशाळेत वापरलं जाणारं बहुतेक कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेलं असतं. नंतर एसडीएस घालायचं. हे नाव परकं वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे, कित्येक शाम्पूंच्या आणि टूथपेस्टच्या पाकिटावर ती सोडियम लॉरिल सल्फेट म्हणून छापलेली असते. भांड्यावरची ओशट काढणारं हे रसायन पेशीचं ओशट पटल विरघळवतं. त्यानंतर प्रोटिनेज के, म्हणजे प्रथिनं खाणारं एन्झाइम, आणि पन्नास-साठ अंशांचं ऊबदार पाणी. थोड्या वेळाने नळी तिरकी केली की आतलं द्रावण पाण्यासारखं वाहत नाही, त्याला तार सुटते. ही तार म्हणजेच मोकळा झालेला डीएनए.

सोबत ईडीटीए नावाचं रसायन घालतात, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पेशी फुटली की तिच्यातलीच डीएनए कापणारी एन्झाइमं मोकाट सुटतात. त्यांना काम करायला मॅग्नेशियम लागतं. ईडीटीए ते मॅग्नेशियम पकडून ठेवतं आणि कात्र्या बंद पडतात.

आता गाळ वेगळा काढायचा. जुनी पद्धत फिनॉल आणि क्लोरोफॉर्मची. ते मिसळून फिरवलं की नळीत थर पडतात: खाली जड द्रव, मध्ये प्रथिनांची पांढुरकी साय, वर पाणी आणि त्यात डीएनए. वरचा थर हलक्या हाताने उचलायचा, त्यात मीठ आणि थंडगार अल्कोहोल घालायचं. डीएनएला पाणी आवडतं, अल्कोहोल नाही, त्यामुळे तो पांढऱ्या धाग्यांच्या रूपात बाहेर पडतो. भरपूर असला तर काचेच्या काडीवर गुंडाळूनही घेता येतो. ज्युलियस मारमूर यांनी १९६१ मध्ये जिवाणूंसाठी लिहून ठेवलेली पद्धत जवळपास अशीच होती, आणि तिच्या खुणा आजच्या पद्धतींतही दिसतात. त्याहीआधी, १८६९ मध्ये, फ्रिडरिश मीशर या स्विस तरुणाने जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी दवाखान्यातल्या पू लागलेल्या पट्ट्या धुऊन त्या पेशींतून पहिल्यांदा हा पदार्थ वेगळा केला होता. तो काय कामाचा, हे कळायला पुढची पाऊणशे वर्षं गेली.

हल्ली फिनॉलऐवजी बहुतेक ठिकाणी किट वापरतात. त्यामागचं तत्त्व असं की दाट क्षाराच्या द्रावणात डीएनए सिलिकाला, म्हणजे काचेच्याच जातीच्या पदार्थाला, चिकटतो आणि क्षार धुऊन काढले की सुटतो. १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हे तत्त्व रोगनिदानासाठी सोपं करून दिलं. करोनाच्या पहिल्या लाटेत ‘आरएनए एक्स्ट्रॅक्शन किटचा तुटवडा’ अशा बातम्या आल्या होत्या. ती किट म्हणजे याच कल्पनेची भावंडं. तपासणीचं यंत्र तयार उभं आहे आणि नमुन्यातून रेणू काढायची सोय नाही म्हणून सगळं अडलंय, असं चित्र तेव्हा देशभर दिसलं.

मग केळ्यातून घरी काढतात, तसंच ना हे?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात कुस्करलेलं केळं, मीठ, भांड्यांचा साबण आणि थंड अल्कोहोल वापरून पांढरे धागे दाखवतात. तत्त्व तेच, आणि प्रयोग छानच आहे. मात्र त्या धाग्यांत डीएनएबरोबर पेक्टिन आणि प्रथिनंही भरपूर असतात. दाखवायला ते पुरतं, वाचायला नाही.

माती आली की डाव बिघडतो

वरची सगळी कृती मातीवर जशीच्या तशी केली तर बऱ्याचदा नळीत तपकिरी पाणी येतं आणि पुढे काहीच घडत नाही. तो तपकिरी रंग ह्यूमिक आम्लांचा, म्हणजे पालापाचोळा कुजून बनलेल्या गुंतागुंतीच्या पदार्थांचा. गोची अशी की ही आम्लं पाण्यात विरघळतात, डीएनएसारखीच ऋणभारित असतात आणि शुद्ध करताना त्याच्या मागोमाग येतात. शिवाय ती पीसीआर अडवतात. पीसीआर म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढणारी प्रक्रिया. ‘आरटी-पीसीआर’मुळे हे नाव आता लहान मुलांनाही पाठ आहे. ह्यूमिक आम्लाचा अगदी थोडा अंश राहिला तरी प्रती काढणारं एन्झाइम बसकण मारतं. मग विद्यार्थी म्हणतो, ‘बँड (प्रती निघाल्याची खूण दाखवणारी पट्टी) आलाच नाही’, आणि मार्गदर्शक म्हणतात, ‘दहापट पातळ करून बघ.’ डीएनए दहापट विरळ केल्यावर निकाल येतो, कारण अडवणारा पदार्थही दहापट विरळ झालेला असतो.

दुसरी अडचण चिकणमातीची, आणि ती आपल्याकडे जास्त भोवते. काळी माती म्हणजे ह्यूमसने, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाने, भरलेली, असा समज आहे, पण दख्खनच्या काळ्या रानात सेंद्रिय कर्ब बहुधा कमीच असतो. तिथे खरा प्रश्न मॉन्टमोरिलोनाइट या फुगणाऱ्या खनिजाचा. पावसात चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी माती यानेच बनते. याच्या कणांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो. कण ऋणभारित आणि डीएनएही ऋणभारित, तेव्हा दोघं एकमेकांपासून दूर राहायला हवेत. पण मध्ये कॅल्शियम येतं. त्याचे दोन धनभार एका हाताने मातीला आणि दुसऱ्याने डीएनएला धरतात. चुनखडीच्या रानात कॅल्शियमला तोटा नसतो. पेशी नीट फोडल्या, डीएनए बाहेरही आला, पण द्रावणात उतरण्याआधीच मातीला चिकटून बसला, असं होतं.

यावरचे उपाय मजेदार आहेत. जपानमधल्या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या जमिनी डीएनए अशाच घट्ट धरतात. तिथल्या संशोधकांना उपयोगी पडली ती चक्क साय काढलेल्या दुधाची भुकटी. दुधातलं केसीन मातीच्या कणांवरच्या जागा आधीच अडवून बसतं, डीएनएला चिकटायला जागा उरत नाही. फॉस्फेटचं द्रावण वापरण्यामागेही तोच हिशेब, डीएनएचा कणा फॉस्फेटचाच असल्याने ते त्याच्या जागा आधी पकडतं. ह्यूमिक आम्लं काढायला पीव्हीपीपी किंवा सीटॅब नावाची रसायनं, किंवा त्यांचा साका करून खाली बसवणारे ॲल्युमिनियमचे क्षार वापरतात. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची: शुद्ध करण्याच्या प्रत्येक पायरीवर थोडा डीएनए हातचा जातो. अगदी स्वच्छ आणि अगदी भरपूर, दोन्ही एकदम मिळत नाही.

आधी जिवाणू मातीतून वेगळे करून मग फोडायचे, असाही एक मार्ग आहे. तो नॉर्वेच्या विग्डिस टोर्सविक यांच्या गटाने वापरला. १९९० मध्ये त्यांनी दाखवलं की जंगलातल्या मातीच्या एका नमुन्यातल्या डीएनएची विविधता सुमारे ४,००० वेगवेगळ्या जिवाणूंच्या जीनोमइतकी (जीनोम म्हणजे एका जिवाचा संपूर्ण डीएनए) भरते. त्याच मातीतून बशीत वाढवलेल्या जिवाणूंच्या मानाने हे जवळपास २०० पट होतं. आजच्या मातीच्या डीएनए-अभ्यासाला तिथून वेग आला. पण या मार्गात कणांना घट्ट चिकटलेले जिवाणू मागे राहतात. म्हणून हल्ली बहुतेक लोक सगळं मातीतच फोडतात.

झोडपायचं किती?

खरी मेख इथे आहे. समजा एकाच पोत्यात द्राक्षं, पेरू आणि नारळ भरलेत आणि तुम्हाला बाहेर आलेल्या रसावरून आत काय-काय आहे ते सांगायचं आहे. पोतं हलक्या हाताने बडवलं तर फक्त द्राक्षं फुटतील आणि तुम्ही लिहाल, ‘पोत्यात द्राक्षंच आहेत.’ नारळ फुटेपर्यंत बडवलं तर द्राक्षांचा नुसता लगदा होईल.

मातीत नेमकं हेच घडतं. नुसत्या एसडीएस आणि एन्झाइमवर भागवलं की पातळ भिंतीचे जिवाणू फुटतात, जाड भिंतीचे आणि बीजाणू तसेच राहतात. मग यादीत बॅसिलसच्या जातकुळीतले आणि प्रतिजैविकं बनवणारे ॲक्टिनोबॅक्टेरिया आहेत त्यापेक्षा कमी दिसतात. पाऊस पडल्यावर येणारा मातीचा वास याच ॲक्टिनोबॅक्टेरियांचा, म्हणजे नाकाला ते कळतात आणि अहवालात दिसत नाहीत. म्हणून नळीत काचेचे किंवा झिर्कोनियाचे बारीक मणी घालून जोरात घुसळतात. मण्यांचा व्यास असतो मिलिमीटरचा दहावा भाग. साधारण पाव ग्रॅम माती, काही मिनिटांचं घुसळणं, आणि जाड भिंतीही पडतात. पण तोवर आधी मोकळा झालेला डीएनए त्याच मण्यांखाली चिरडून तुकडे-तुकडे होत असतो.

पूर्वी याचं फारसं कुणाला दुखत नव्हतं, कारण वाचणारी यंत्रंही आखूडच तुकडे वाचत. आता नॅनोपोअरसारखी यंत्रं हजारो अक्षरांचे लांबलचक धागे एका दमात वाचतात. लांब धागा मिळाला तर आजवर न वाढवलेल्या जिवाणूचा अख्खा जीनोम जुळवणं सोपं होतं. म्हणून काही जण पुन्हा हळुवार पद्धतींकडे वळलेत, आणि त्यांच्या यादीतून पुन्हा नारळ गळतात. सगळ्यांना एकदम न्याय देणारी पद्धत मला तरी माहीत नाही. आयएसओने मातीतून डीएनए काढण्यासाठी ११०६३ क्रमांकाचं मानक २०१२ मध्ये काढलं, ते निदान सगळ्यांनी एकसारखं झोडपावं म्हणून. दोन प्रयोगशाळांनी दोन किट वापरून केलेले अहवाल शेजारी ठेवून ‘या रानात अमुक जिवाणू दुप्पट आहेत’ म्हणणं त्यामुळेच धाडसाचं आहे.

पण मातीत मेलेलेही असतील ना?

असतात, आणि हा आक्षेप रास्त आहे. जिवाणू मेल्यावर त्याचा डीएनए लगेच नाहीसा होत नाही. कणांना चिकटून तो दीर्घकाळ टिकतो. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या जमिनी तपासून डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ४० टक्के डीएनए असा ‘उरलासुरला’ निघाला. त्यांनी वापरलेली युक्ती अशी: पीएमए नावाचा रंग जिवंत पेशीच्या आत शिरू शकत नाही, मेलेल्या पेशीत आणि उघड्यावरच्या डीएनएपाशी पोचतो. वरून प्रखर प्रकाश टाकला की तो डीएनएला कायमचा जखडतो आणि मग त्याच्या प्रती निघत नाहीत. उरतो तो जिवंतांचा. मात्र मातीचा गढूळपणा हा प्रकाशही अडवतो, त्यामुळे चिखलावर ही युक्ती दर वेळी तितकीच लागू पडेल असं नाही.

आणि सापडलेला डीएनए किटमधलाच निघाला तर?

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या गटाने दाखवून दिलं की डीएनए काढायच्या किटमध्ये, रसायनांत आणि पाण्यातही जिवाणूंचा डीएनए असतो, आणि किट बदललं की तो बदलतो. चमचाभर मातीत डीएनए इतका असतो की हा पाहुणा दडून जातो. खोल खडकातला, वाळवंटातला किंवा रक्ताचा नमुना असेल तर मात्र पाहुणाच यजमान होऊन बसतो. उपाय साधा आहे. मातीच्या नळ्यांसोबत एक नळी रिकामी चालवायची, तीच रसायनं, तीच घुसळण, माती तेवढी नाही. तिच्यात जे सापडेल ते संशयित.

यंत्राने आकडा चांगला दिला की झालं का?

डीएनए २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो. प्रथिनं २८०ला. दोन्हींचं गुणोत्तर १.८च्या आसपास आलं की मंडळी निर्धास्त होतात. माती असेल तर २३०चा आकडाही बघायला हवा, कारण ह्यूमिक पदार्थ तिथे उघडे पडतात. शिवाय ते २६०लाही प्रकाश शोषतात, त्यामुळे डीएनए आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. डीएनएलाच चिकटून चमकणारा रंग वापरून मोजणं जास्त खात्रीचं.

शेतकऱ्याने हे का वाचावं?

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि बाकीची अन्नद्रव्यं धरून बारा गोष्टी असतात. जिवाणू त्यात नाहीत. ती जागा हेरून ‘तुमच्या मातीचा डीएनए तपासून देतो’ म्हणणारे आता भेटतात. एखाद्या ठरावीक रोगजंतूचा, म्हणजे डाळिंबावरच्या तेल्याच्या किंवा मर रोगाच्या कारणाचा, पीसीआरने शोध घेणं हे नेमकं आणि उपयोगाचं काम आहे. पण ‘तुमच्या मातीत अमुक टक्के चांगले जिवाणू’ असा आकडा कुणी देत असेल तर जपून. किती टक्के म्हणजे चांगलं, हे पिकागणिक आणि जमिनीगणिक कुणी ठरवलेलं नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो टक्का काढण्याच्या पद्धतीवरही हलतो.

नमुन्याचं गणितही डोक्यात ठेवा. एक एकर रानाच्या वरच्या अर्ध्या फुटातली माती साधारण आठ लाख किलो भरते. नळीत जाते पाव ग्रॅम. तेव्हा बांधाजवळची, विहिरीजवळची, खताच्या ढिगाखालची जागा टाळून नागमोडी फिरत दहा-पंधरा ठिकाणची माती घेणं आणि ती नीट एकत्र करून चार भागांतले समोरासमोरचे दोन ठेवत जाणं, ही अन्नद्रव्य तपासणीची पद्धत इथेही लागू. फरक पुढे आहे. नेहमीच्या तपासणीला माती सावलीत वाळवून देतात. डीएनएसाठी वाळवायची नाही: वाळताना काही जिवाणू मरतात, काही वाढतात, आणि पोचते ती तुमच्या रानातली माती राहत नाही. स्वच्छ खुरपं, नवी पिशवी, बर्फ घातलेला डबा, त्याच दिवशी प्रयोगशाळा, आणि लगेच काढणार नसतील तर उणे वीस किंवा त्याहून थंड फ्रीझर. देताना विचारून घ्या की मणी घालून घुसळता का, किट कुठलं, आणि रिकाम्या नळीचा निकाल अहवालासोबत देणार का.